कामावरची सुरक्षितता : मालकाची जबाबदारी आणि आपली

आपल्या मंडळातील बहुतेक सभासदांना ४०१-के मध्ये किती टक्के घालावेत, ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली आणि टर्म इन्शुरन्स किती रकमेचा घ्यावा, याची चांगली माहिती असते. परंतु आपल्या ऑफिसात किंवा कारखान्यात, बहुधा कॉफी मशीनच्या शेजारच्या भिंतीवर, एक सरकारी पोस्टर लावलेले असते. ते आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल? नोकरीच्या जागी सुरक्षित राहण्याचा आपला हक्क त्या पोस्टरवर लिहिलेला असतो. मालकाने ते सर्वांना दिसेल अशा जागी लावलेच पाहिजे, असा कायदा आहे.

"आम्ही तर खुर्चीत बसून काम करतो, आम्हाला कसला धोका?" असे पुष्कळजण म्हणतील. पण आपल्या समाजात केवळ प्रोग्रामर नाहीत. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम करणारे केमिस्ट आहेत, नर्सेस आणि डेंटिस्ट आहेत, विद्यापीठात संशोधन करणारे विद्यार्थी आहेत. वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करणारे आहेत, ग्रोसरीचे दुकान किंवा रेस्टॉरंट चालवणारे आहेत. उन्हाळ्यात पहिली नोकरी धरणारी आपली मुले आहेत. आणि खुर्चीत बसणाऱ्यांच्याही काही व्यथा आहेतच. तेव्हा हा विषय सर्वांचाच आहे.

कायदा कसा आला

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. बाहेर पडण्याच्या जिन्याचे एक दार कुलूपबंद होते आणि अग्निशामक दलाच्या शिड्या तेवढ्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हत्या. १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्या देशांतून पोटासाठी येथे आलेल्या होत्या. स्थलांतरित माणूस तक्रार करीत नाही, मिळेल ते काम मिळेल त्या परिस्थितीत करतो, हा अनुभव या देशाला फार जुना आहे.

त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने अनेक कायदे केले. परंतु सर्व देशाला लागू होणारा कायदा यायला आणखी जवळजवळ साठ वर्षे लागली. २९ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य कायद्यावर सही केली आणि १९७१ मध्ये 'ओशा' ही केंद्रीय संस्था सुरू झाली. काही राज्ये, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया आणि मिशिगन, स्वतःची यंत्रणा चालवतात. मात्र त्यांचे नियम केंद्राच्या नियमांइतके तरी कडक असावेच लागतात.

मालकाची जबाबदारी

या कायद्याचे मूळ एका कलमात आहे. मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकेल अशा ज्ञात धोक्यांपासून मुक्त अशी कामाची जागा मालकाने दिली पाहिजे. एखाद्या धोक्यासाठी स्वतंत्र नियम नसला, तरी हे कलम लागू होते. त्याखेरीज मालकाची ठळक कर्तव्ये अशी :

१. कामातील धोके शोधणे आणि ते दूर करणे.
२. कामगाराला समजेल अशा भाषेत प्रशिक्षण देणे. इंग्रजी कच्चे असणाऱ्याच्या हातात नुसते इंग्रजी पुस्तक देऊन भागत नाही.
३. गॉगल, हातमोजे, हेल्मेट यांसारखी आवश्यक संरक्षक साधने बहुतांशी स्वतःच्या खर्चाने देणे. पोलादी टोकाचे साधे बूट किंवा नंबरचा सुरक्षा चष्मा असे मोजके अपवाद आहेत.
४. बाहेर पडण्याची दारे आतून केव्हाही, किल्लीशिवाय उघडतील अशी ठेवणे.
५. कामावर मृत्यू झाल्यास ८ तासांच्या आत आणि इस्पितळात दाखल व्हावे लागणे, अवयव तुटणे किंवा डोळा गमावणे असे झाल्यास २४ तासांच्या आत ओशाला कळवणे.

आपल्यापैकी अनेकजण कन्सल्टिंग कंपनीमार्फत दुसऱ्याच कंपनीत काम करतात. तेथे जबाबदारी कोणाची? अशा वेळी पाठवणारी कंपनी आणि प्रत्यक्ष काम करून घेणारी कंपनी, अशा दोघींवरही ती असते असे ओशा मानते. "तुम्ही आमचे नोकर नाही" हे उत्तर पुरेसे नाही.

आपली जबाबदारी

त्याच कायद्यात कामगारावरही कर्तव्य टाकले आहे. नियम पाळणे आणि दिलेली साधने वापरणे हे आपले काम आहे. यंत्राचे गार्ड 'काम लवकर होते' म्हणून काढून ठेवणे, धुराचा डिटेक्टर सारखा वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढणे, आगीच्या दाराला पाचर लावून ते उघडे ठेवणे, या गोष्टी चतुराईच्या नाहीत. मात्र एक लक्षात ठेवावे. कामगाराने नियम मोडला तर ओशा कामगाराला दंड करीत नाही. नियम पाळले जातात की नाही हे पाहणे शेवटी मालकाचेच काम मानले जाते.

दुसरे कर्तव्य म्हणजे सांगणे. जमिनीवर तेल सांडले आणि आपण घसरता घसरता वाचलो, तर आपण हसून पुढे जातो. आमच्या व्यवसायात प्रोग्राम एकदाच चुकला आणि पुन्हा चालू झाला, तरी त्याची नोंद करतात, कारण तो पुन्हा चुकणार हे ठरलेले असते. थोडक्यात टळलेल्या अपघाताचेही तसेच आहे. त्याच जागी दुसरा कोणीतरी पडणार आहे. अशा प्रसंगाची त्याच दिवशी लेखी नोंद करावी. दोन ओळींची ई-मेल पुरते.

धोका हाताळण्याची उतरंड

सुरक्षिततेच्या शास्त्रात धोक्यावरच्या उपायांची पाच पायऱ्यांची उतरंड सांगतात. वरची पायरी सर्वात परिणामकारक, खालची सर्वात कमजोर.

पहिली पायरी, धोकाच काढून टाकणे. उंचावरचा माल शिडीवर चढून काढण्याऐवजी तो खालच्या फळीवर ठेवणे.
दुसरी, धोकादायक वस्तूच्या जागी सौम्य वस्तू वापरणे.
तिसरी, माणूस आणि धोका यांच्यामध्ये यांत्रिक अडसर घालणे. यंत्राचे गार्ड, धूर ओढणारा पंखा, दार उघडताच बंद पडणारे यंत्र.
चौथी, नियम, प्रशिक्षण, पाट्या आणि कामाच्या पाळ्या.
पाचवी आणि शेवटची, गॉगल, मोजे, मास्क.

गंमत अशी की बहुतेक ठिकाणी सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते, कारण ती स्वस्त असते. "सावधान" अशी पाटी लावली की काम झाले असे वाटते. पण पाटी माणसाच्या लक्षावर अवलंबून असते, आणि रात्रपाळीच्या सातव्या तासाला माणसाचे लक्ष कमी होणारच.

यंत्रातील अडसर काढल्यावर काय होते याचे एक उदाहरण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना शिकवतात. थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. जुन्या यंत्रांत चुकीचा डोस अडवणारे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर होते. या नव्या यंत्रात त्यातले काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे लागली आणि त्यातील काही दगावले. म्हणून कोणी "हा गार्ड कशाला हवा, आपण लक्ष ठेवू" म्हणाले, तर त्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

रसायने : लेबल वाचा

कामावर कोणतीही घातक रसायने असतील, तर त्यांची नावे, त्यांचे धोके आणि उपाय जाणून घेण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे. प्रत्येक रसायनाचे माहितीपत्रक ठेवलेले असते. त्याचे १६ भाग ठरलेले असतात. सगळे पाठ करण्याची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी व साठवण आणि आठव्यात कोणते मोजे किंवा मास्क वापरायचे, हे असते. एवढे चार भाग काम सुरू करण्यापूर्वी वाचावेत.

बाटलीवरच्या लाल चौकटीतील चित्रेही ओळखायला शिकावे. ज्वाळा म्हणजे ज्वालाग्राही. कवटी म्हणजे थोड्या प्रमाणातही जीवघेणे विष. हातावर आणि धातूवर द्रव पडताना दाखवला असेल, तर ते भाजणारे आणि गंजवणारे आहे. माणसाच्या छातीवर चांदणीसारखी आकृती असेल, तर कर्करोगासारखा कालांतराने होणारा अपाय संभवतो. हे शेवटचे चित्र सर्वात फसवे आहे, कारण आज काहीच जाणवत नाही.

माहितीचा हक्क किती मोलाचा आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला, तेव्हा आसपासच्या वस्तीला त्या कारखान्यात काय साठवले आहे याची कल्पना नव्हती. त्या दुर्घटनेनंतर, १९८६ मध्ये, अमेरिकेने कारखान्यांतील घातक साठ्यांची माहिती शेजारच्या वस्तीलाही मिळाली पाहिजे असा कायदा केला. तो हक्क आज आपण येथे उपभोगतो आहोत.

दुकान, रेस्टॉरंट आणि घर या तिन्ही ठिकाणी लागू पडणारा एक नियम : ब्लीच कशातही मिसळू नये. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन, आणि ब्लीच व आम्ल, म्हणजे व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करण्याची काही द्रव्ये, एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. "दोन्ही घातले की जास्त स्वच्छ निघते" हा समज सोडून द्यावा. तसेच कोणतेही रसायन पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत भरून ठेवू नये.

प्रयोगशाळा आणि इस्पितळ

२००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमधील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २३ वर्षांची एक संशोधन-साहाय्यक हवेत आपोआप पेटणारे रसायन सिरिंजने काढत होती. रसायन बाहेर सांडले आणि पेटले. तिने लॅब कोट घातलेला नव्हता आणि अंगातला स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. तो पेटून अंगाला चिकटला. १८ दिवसांनी ती मरण पावली. पुढे विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतील शिस्त त्यानंतर पुष्कळ बदलली.

आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेत जात असेल, तर विचारा : लॅब कोट ज्वालारोधक आहे का? अंगात सुती कपडे असतात का? आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याची जागा माहीत आहे का? रविवारी रात्री एकट्याने घातक प्रयोग करण्याची वेळ येते का? "प्रोफेसर काय म्हणतील?" ही आपल्या मुलांची मोठी अडचण असते. प्रत्येक विद्यापीठात सुरक्षिततेसाठी वेगळे ऑफिस असते आणि तेथे थेट विचारता येते.

इस्पितळात किंवा डेंटिस्टकडे काम करणाऱ्यांसाठी १९९१ पासून रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी स्वतंत्र नियम आहेत. ज्यांचा कामात रक्ताशी संबंध येतो, त्यांना हिपॅटायटिस-बी ची लस मालकाने फुकट द्यायची असते. वापरलेली सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच वरिष्ठांना सांगावे. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे काही तासांतच सुरू करणे चांगले आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून "पाळी संपल्यावर सांगू" असे म्हणू नये.

संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी

मान, पाठ आणि मनगट यांच्या दुखण्यांसाठी केंद्र सरकारने २००० मध्ये एक स्वतंत्र नियम केला होता. काँग्रेसने २००१ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे आज या बाबतीत बरेचसे आपणच पाहावे लागते. पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर दिवसभर मान वर करून पाहावे लागते. कोपर सुमारे काटकोनात, मनगट सरळ, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूर पाहावे आणि तासातून एकदा तरी उठावे.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री झोपेतून जाग येत असेल, तर मनगटातील नस दबली जात असण्याची शक्यता असते. बाम चोळत वर्ष काढू नये. लवकर दाखवल्यास साध्या पट्ट्याने भागते. उशीर झाल्यास शस्त्रक्रिया लागू शकते, आणि तरीही अंगठ्याची शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही.

इजा झाली तर : पैशाची बाजू

कामावर इजा झाल्यास आपला नेहमीचा आरोग्य विमा बहुधा पैसे देत नाही. त्यासाठी 'वर्कर्स कॉम्पेन्सेशन' हा वेगळा विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो. तो राज्याच्या कायद्याने चालतो आणि बहुतेक सर्व राज्यांत सक्तीचा आहे. टेक्सासमध्ये मात्र खाजगी मालकांना तो ऐच्छिक आहे, म्हणून तेथील सभासदांनी नोकरी धरतानाच विचारून घ्यावे.

या विम्यात चूक कोणाची हे सहसा पाहत नाहीत. औषधोपचाराचा खर्च मिळतो. कामावर जाता येत नसेल, तर साधारणपणे साप्ताहिक पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम मिळते आणि तिच्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. त्या बदल्यात मालकावर सहसा दावा लावता येत नाही.

येथे एक हिशेब करून पाहावा. वर्षाला १,५०,००० डॉलर पगार असेल, तर आठवड्याचे सुमारे २,८८५ झाले. त्याचे दोन-तृतीयांश १,९२३. परंतु प्रत्येक राज्याची कमाल मर्यादा असते आणि बऱ्याच राज्यांत ती या रकमेपेक्षा कमी आहे. घराचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून दीर्घ मुदतीचा अपंगत्व विमा असावा. कंपनी तो देत असेल, तर हप्ता कोणत्या पैशातून जातो ते पाहा. कर भरलेल्या पैशातून आपण हप्ता भरल्यास मिळणारी रक्कम करमुक्त असते. कंपनीने भरल्यास तिच्यावर कर लागतो. वर्कर्स कॉम्पेन्सेशन मिळत असताना हा विमा बहुधा तेवढी रक्कम वजा करतो, हेही ध्यानात असू द्यावे.

इजा झाल्यावर काय करावे :

१. उपचार घ्यावेत आणि डॉक्टरांना "ही इजा कामावर झाली" असे स्पष्ट सांगावे. त्यांच्या पहिल्या टिपणाला पुढे फार महत्त्व येते.
२. त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे. कायद्याची मुदत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात ३० दिवस, इलिनॉयमध्ये ४५ दिवस आहे. पण मुदत मोजत बसू नये.
३. जागेचे फोटो, साक्षीदारांची नावे आणि सर्व कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात.
४. हळूहळू वाढणाऱ्या दुखण्यात, ते कामामुळे आहे असे डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर कळवावे.

"नोकरी जाईल, व्हिसा जाईल"

आपल्या लोकांना गप्प बसवणारी खरी भीती ही आहे, आणि तिला हसण्याचे कारण नाही. एच-१बी वर असणाऱ्याची नोकरी गेली की सारे कुटुंब अडचणीत येते. तरीही कायदा काय सांगतो ते माहीत असावे. सुरक्षिततेचे हक्क नागरिकत्वावर किंवा व्हिसावर अवलंबून नाहीत. ओशाकडे तक्रार करताना आपले नाव मालकाला कळू देऊ नये अशी विनंती करता येते. तक्रार केली म्हणून काढणे, पगार कमी करणे किंवा पाळी बदलून छळणे बेकायदा आहे. तसे झाल्यास केंद्रीय ओशाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागावी लागते. ही मुदत फार लहान आहे, आणि व्हिसाच्या वकिलाला फोन करण्यातच ती संपून जाते. ओशाचा फोन १-८००-३२१-६७४२ असा आहे.

काम नाकारण्याचा हक्क मात्र मर्यादित आहे. जीवाला किंवा गंभीर इजेला खरोखर तातडीचा धोका असावा, मालकाला तो दूर करण्यास सांगूनही त्याने केलेला नसावा आणि तपासणी होईपर्यंत थांबायला वेळ नसावा. अशा वेळी "हे काम मी करणार नाही, दुसरे द्या" असे सांगून तेथेच थांबावे. रागाने घरी निघून जाऊ नये.

मुलांच्या उन्हाळी नोकऱ्या

१८ वर्षांखालील मुलांना फोर्कलिफ्ट चालवायला किंवा मांस कापण्याचे विजेचे यंत्र वापरायला, एवढेच नव्हे तर ते यंत्र साफ करायलाही, केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. १४ आणि १५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी ३ तास आणि शाळेच्या आठवड्यात १८ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. पहिल्या नोकरीत मुले "नाही" म्हणायला लाजतात. त्यांना ते घरीच शिकवावे.

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे

आपल्याकडे दोनच माणसे कामाला असली, तरी आपण कायद्याने मालक आहोत. भाचा किंवा गावाकडचा ओळखीचा मुलगा असला तरी तो पगारी नोकरच. १० किंवा कमी नोकर असल्यास इजांची वार्षिक नोंदवही ठेवण्यातून सूट आहे. सुरक्षित जागा देण्यातून मात्र सूट नाही. मागचे दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद करू नये आणि त्याच्यासमोर तांदळाची पोतीही रचू नयेत. वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा विमा आपल्या राज्यात किती नोकरांपासून सक्तीचा आहे ते एजंटला विचारावे. लहान धंद्यांसाठी प्रत्येक राज्यात मोफत सल्लासेवा आहे. त्यांचा माणूस येऊन धोके दाखवतो आणि दंड करीत नाही. मात्र त्याने दाखवलेले गंभीर धोके ठरलेल्या मुदतीत दूर करण्याचे आपण मान्य करावे लागते.

या आठवड्यात एवढे करा

भिंतीवरचे ते पोस्टर एकदा वाचा. आपल्या जागेपासून बाहेर पडण्याचे दोन मार्ग चालून पाहा. इजा झाल्यास कोणाला कळवायचे त्यांचे नाव लिहून ठेवा आणि तो कागद घरातल्या माणसांनाही दाखवा, कारण इस्पितळातून फोन आल्यावर कागद त्यांनाच शोधावे लागतात. या लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा प्रत्यक्ष प्रसंगी आपल्या राज्यातील जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. कामावर जाणारे माणूस संध्याकाळी जसे गेले तसे घरी यावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.